पाणसळवाल्यांची बांधी

पाणसळ म्हणजे काय, हे हल्ली मला माणसं धरून समजावून सांगावं लागतं आणि सांगता सांगता माझं डोकं फिरतं. मागच्या उन्हाळ्यात नातू आला होता. त्याने माळ्यावरून ते लाकूड खाली काढलं आणि विचारलं, "आजी, कोंबड्यांना पाणी पाजायचं आहे का हे?" त्याचं तरी काय चुकलं म्हणा, दिसायला ते तसंच आहे. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा दोन हात लांब ठोकळा, वरून पन्हाळीसारखा कोरलेला, आत दोन्ही टोकांना एकेक पितळी खिळा. पन्हाळीत पाणी ओतायचं आणि लाकडाखाली पाचरी सरकवत राहायचं. दोन्ही खिळ्यांच्या माथ्याला पाणी सारखं टेकलं की लाकूड सपाट बसलं. मग त्याच्या वरच्या काठावरून समोर उभ्या केलेल्या काठीवर नजर टाकायची आणि जमीन कुठे चढते, कुठे उतरते ते ठरवायचं. एवढंच. त्यात ना काटा, ना काच. पण आमच्या भागातले जुने तलाव आणि त्यांतून निघणारे पाट अशाच लाकडांच्या भरवशावर झाले, आणि त्यातलं एक लाकूड आमच्या घरी होतं.

आमचे लोक मूळचे काशीकडचे, असं घरात सांगत. किती पिढ्या झाल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या आजोबांना, म्हणजे आबाजींना विचारलं की ते म्हणायचे, "लय झाल्या." तलाव बांधणारी माणसं हवी होती म्हणून तिकडून आमच्या पूर्वजाला बोलावलं आणि तो हे लाकूड खांद्यावर घेऊन पायी आला. त्याची भाषा इथल्यांना कळेना आणि इथलं रान त्याला कळेना. असा परका माणूस येऊन सांगणार की पाट इकडून खणा, तिकडून नको. कोणाच्या शेतात पाणी चढेल आणि कोणाचं कोरडं राहील, ते त्याच्या एका डोळ्यावर ठरणार. लोकांनी का म्हणून ऐकायचं? तेव्हा त्याने म्हणे गावाकडे जमीन मागितली ती पाटाच्या अगदी शेपटाला. तुमची सगळ्यांची शेतं भिजल्यावर उरेल ते पाणी माझं. पाट चुकला तर पहिला मी मरेन, असं तो बोलला. तेव्हापासून आमच्या बांध्या, म्हणजे मातीचे धुरे घालून पाणी अडवलेली धानाची वावरं, आमच्या गावाची शीव संपते तिथे होत्या आणि पाणी घ्यायची आमची बारीही शेवटची होती. ज्याच्या घरी पाणसळ, त्याने सगळ्यांच्या मागून पाणी घ्यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गावातलं शेंबडं पोरही ते सांगू शकायचं. मला त्याचा भारी अभिमान होता. आईला नव्हता. ती दुसऱ्या गावाहून आलेली, तिच्या माहेरची बांधी पाटाच्या तोंडाशी होती.

घरात आम्ही तिघंच, आबाजी, आई आणि मी. बाबा नागपूरला कापडगिरणीत कामाला होते. पोळ्याला आणि धान कापायला तेवढे यायचे. पाणसळीत त्यांना काही रस नव्हता. "आता सरकारी साहेब दुर्बीण घेऊन येते," असं ते म्हणायचे, आणि साहेब काही यायचा नाही. मी मॅट्रिकला गणितात आपटून घरी बसले होते. पुढे मी जन्मभर पोरांना गणितच शिकवलं हा भाग वेगळा, पण त्या वर्षी माझ्यासमोर पाढ्यांचं नाव काढायची सोय नव्हती. सकाळी आई चूल पेटवायची आणि धुराच्या वासासोबत लाखोरीची डाळ शिजल्याचा वास यायचा. त्या दिवसांत परसात कोचईची, म्हणजे अळूची, पानं माजलेली असायची, त्यांची चिंच घालून पातळ भाजी, भाताचा ढीग, वर जवसाची चटणी. आई माझ्या ताटात भात वाढताना हात कधी आखडायची नाही. आखडायची ती स्वतःच्या ताटात, पण ते मला फार उशिरा दिसलं.

संध्याकाळी आबाजींचे बालमित्र नत्थूजी यायचे. त्यांची बांधी आमच्या बांधीला लागून, वरच्या अंगाला. म्हणजे पाणी घ्यायला शेवटून दुसरे ते आणि शेवटचे आम्ही. दोघं ओसरीवर बसून तंबाखू मळायचे. "उकाडा हाये गा." "हव." "बोडीत मासोळी लागली म्हन्ते." "लागली असन." एवढ्या बोलण्यावर त्यांचा तासभर निघायचा. मधेच नत्थूजी चुन्याची डबी पुढे करायचे आणि आबाजी ती हवेत चाचपायचे. डबी इथे, हात तिथे. नत्थूजी मग काही न बोलता डबी त्यांच्या हाताखाली सरकवायचे. आबाजींना जवळचं दिसेनासं झालं होतं. भातातला खडा दिसत नव्हता, लोट्यात पाणी ओतताना अर्धं बाहेर सांडायचं. पण दूरचं त्यांना चांगलं दिसे. तलावाच्या पलीकडच्या पाळीवरून कोण चाललंय ते ओळखायचे. घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही. आई फक्त त्यांच्या ताटातला भात आधी स्वतः निवडून घ्यायची.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. पोळ्याला आमच्याकडे बैलांच्या जुवासोबत पाणसळीची पूजा व्हायची. त्या वर्षी बाबा येणार म्हणून मला उत्साह चढला. चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर धूर खाऊन ते लाकूड काळं ठिक्कर पडलेलं असायचं, त्याने वाळवी लागत नसे. मी ते खाली काढलं आणि चिंच-राख लावून पितळेची भांडी घासावीत तसं घासलं. खिळे सोन्यासारखे चमकवायचे असं डोक्यात घेतलं होतं. एक खिळा घासता घासता हलला आणि चक्क हातात आला. इकडेतिकडे पाहिलं, आई गोठ्यात होती. खिळा परत भोकात घातला आणि वरवंट्याने दोन ठोके दिले. दुसरा ठोका जरा जास्त बसला. खिळा पहिल्यापेक्षा खाली गेला, असेल तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका. मला ते दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी त्यावर हळदकुंकू लावलं. बाबा आले, पुरणपोळी खाऊन गेले, आणि मी ते विसरूनही गेले.

पोळ्यानंतर पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. हत्ती नक्षत्रावर लोकांनी आस ठेवली होती, तेही कोरडं चाललं. धान पोटऱ्यात आलेला, म्हणजे लोंब अजून पोटात आणि नेमकं तेव्हाच त्याला पाणी हवं असतं. तलावात अर्धं पाणी होतं, पण तलावाचं दार, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, त्याचे दगड खचले आणि पाणी पाळीतूनच झिरपायला लागलं. पाळ जाईल या भीतीने लोकांनी ते तुडूम माती टाकून बुजवलं आणि दूर दुसऱ्या जागी नवं तोंड काढायचं ठरवलं. तिथून जुन्या पाटापर्यंत पाचशे पावलांचा नवा पाट खणायचा होता. घरटी एक माणूस, फावडं-कुदळ घेऊन. पण खणायचं कुठून आणि किती खोल, ते सांगणार पाणसळ. सकाळीच गाव आमच्या दारात उभं राहिलं.

आबाजींनी पांढरं धोतर नेसलं, लाकूड खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, "वच्छे, लोटा घे अन् चाल माह्यासंग." मला वाटलं पाणी द्यायला नेतात. तलावावर पोचल्यावर त्यांनी लाकूड मांडलं, तलावाचंच पाणी त्यात ओतायला लावलं आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माही कंबर वाकत नाई आता. पोरगी पाहन खिळे." आमच्या घरातल्या कोण्या बाईने कधी त्या पाण्यात पाहिलं नव्हतं. एकजण म्हणाला, "आबाजी, पोरीच्या हाती देऊन राहिले का?" "पाण्याले का समजते गा," आबाजी म्हणाले, "पोरगा पाहून राहिला का पोरगी." लोक हसले. मी गुडघे टेकून बसले. पाचरी सरकवल्या. पाणी थरथरायचं थांबलं आणि दोन्ही चकचकीत खिळ्यांच्या माथ्याला टेकलं. मी म्हणाले, "बसलं." मग आबाजींनी काठाला गाल लावून दूरच्या काठीवर नजर टाकली आणि हाताने खूण केली, वर, अजून वर, बस. तिथे खुंटी ठोकली. असं पावलापावलाने आम्ही पाचशे पावलं गेलो. माझी छाती अशी फुगली होती की मॅट्रिकचं दुःख मी त्या एका सकाळी विसरले. खिळ्याची आठवण मला आली नाही का? आली. तिसऱ्या खुंटीपाशी आली. पण पाणी दोन्ही खिळ्यांना टेकतंय की, मग काय बिघडलं, असं मी मनाला सांगितलं आणि पुढच्या जागी "बसलं" म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पाणसळीने एकदा पाहिलं की ती उलटी फिरवायची, या टोकाचं त्या टोकाला करायची, आणि परत पाहायचं. लाकूड कुठे वाकलं असेल, खिळा हलला असेल, तर ते तिथेच उघडं पडतं. आबाजी हे जन्मभर करत आले. त्या दिवशी त्यांनी केलं नाही. उलटी फिरवली की मला परत बसवून पाणी पाहायला लावणं आलं, आणि सगळं गाव बघतंय की म्हाताऱ्याला खिळे दिसत नाहीत. दुप्पट वेळ त्यांना ते लोकांसमोर दाखवायचं नव्हतं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

दोन दिवसांत पाट खणून झाला. नवं तोंड उघडलं, पाणी निघालं, पोरं त्याच्या पुढे पळायला लागली. वरच्या चारपाच बांध्यांच्या बाजूने ते छान वाहिलं. मग हळू झालं. दोनशे पावलांवर ते थांबलं. पुढे पाट कोरडा आणि इथे पाणी काठोकाठ चढतंय, आणि चढता चढता ते मागे फिरायला लागलं. मी पाणी मागे येताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आम्ही पाट चढावर खणला होता. खाली गेलेल्या खिळ्याने प्रत्येक खुंटीला थोडं थोडं खोटं सांगितलं होतं आणि पाचशे पावलांत ते कमरेइतकं झालं होतं. आबाजी पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माही नजर गेली. काठी दिसली नाई मले. दोष माहा." मी त्यांच्या मागे लोटा धरून उभी होते. तोंड उघडायची तीच वेळ होती.

शेपटाकडची माणसं संतापली होती आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन दिवसांची मेहनत गेली होती आणि धान वाट पाहणार नव्हता. नत्थूजी पुढे आले. "नजर गेली होती तं सांगाचं होतं गा. आमी का दुश्मन होतो?" मग नत्थूजींच्या तोंडून ते निघालं. "इतक्या पिढ्या झाल्या, पन काई म्हना, बाहेरचेच ना तुमी." ज्याच्याबरोबर साठ वर्षं तंबाखू खाल्ला त्याच्या तोंडून. आबाजींनी लाकूड उचललं, खांद्यावर घेतलं आणि पाळीवरून घराकडे निघाले. चालताना दोनदा ठेचकाळले. त्याआधी मी त्यांना त्या वाटेवर ठेचकाळताना कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मला आजही नको वाटतात. साहेबाकडे माणूस गेला होता, साहेब दौऱ्यावर होता. गावाने अंदाजाने पाट खोल करायला घेतला आणि अजून घोळ केला. आबाजी घरातून निघाले नाहीत. नत्थूजी संध्याकाळी आले नाहीत. आबाजी आईला म्हणाले, "सूनबाई, मले आता हात धरून नेत जा." जे दूरचं त्यांना लख्ख दिसत होतं, ते दिसतं यावरचा त्यांचा भरवसाच उडाला होता. अंगणातून कोणी गेलं तर विचारायचे, "कोन व्हय?" आणि नाव अचूक ओठावर असूनही ते बोलायचे नाहीत. मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं, आणि दुपारपर्यंत गिळून बसायची. भीती मार खायची नव्हती, आबाजींनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. भीती ही होती की माझ्या आयुष्यात एकच गोष्ट मी नीट केली असं मला वाटलं होतं, तीही जाणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी परसात गेले तर आबाजी मागच्या दारापासून विहिरीकडे चालत होते. डोळे गच्च मिटलेले. हात पुढे. पावलं मोजत होते, "सात, आठ, नऊ." अकराव्या पावलाला दगडी डोणीवर आपटले, गुडघा चोळला, परत दाराशी गेले आणि पुन्हा डोळे मिटून सुरू केलं, "एक, दोन." आंधळ्याने कसं जगायचं त्याचा ते सराव करत होते. मला रडू फुटलं. मी जाऊन त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, चिंच, राख, वरवंटा, दुसरा ठोका, तिसरी खुंटी, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आन लाकूड." मी आणलं. त्यांनी दोन्ही खिळ्यांवर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. "हव," ते म्हणाले, "खाली हाये."

मी म्हणाले, "आबाजी, माफ करा मले."

"खिळ्याचं काई नाई, पोरी. खिळा तुहा, पन उलटून मीनं पायलं नाई. तो दोष माहाच." त्यांनी लाकूड खाली ठेवलं. "पन तीन दिवस तुनं मले आंधळा होऊ देल्लं. त्याचं का करू मी?"

पुढे शिकवायला लागल्यावर वर्गात एखादं पोर खोटं बोलून गप्प बसलेलं दिसलं की मी त्याला रागवायच्या आधी खुर्चीवर बसून घ्यायची. पोरांना वाटायचं बाई थकल्या.

त्याच दुपारी त्यांनी मला पाटावर नेलं. हात धरून नाही. ते पुढे, मी मागे. लोक खणत होते. आबाजी म्हणाले, "वच्छी सांगते ते आयका," आणि बाजूला झाले. मी सांगितलं. एकाने "जोरानं बोल वो" म्हटलं, मग जोराने सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. नत्थूजींनी फावडं टाकलं आणि आबाजींजवळ येऊन उभे राहिले. शेवटी आबाजीच म्हणाले, "सकाळी पानसळ दुरुस्त करू. मंग एका दिवसात पाट होते."

सकाळी वारा उठायच्या आत आम्ही तलावात उतरलो. ती दुरुस्ती कोणी लिहून ठेवलेली मी पाहिली नाही म्हणून इथे लिहिते. उथळ पाण्यात दगडांवर पाणसळ ठेवायची, वर वजन ठेवून बुडवत आणायची, आणि बाहेरचं तलावाचं पाणी दोन्ही टोकांना वरच्या काठाशी सारखं आलं की थांबायचं. निवांत तलावाइतकं सपाट जगात काही नसतं. त्यामुळे लाकूड आता खरं सपाट झालं. मग आतल्या पन्हाळीत हळूहळू पाणी ओतून ते चांगल्या खिळ्याच्या माथ्याला टेकवायचं आणि बिघडलेला खिळा तिथवर वर ओढायचा. आबाजी गुडघाभर पाण्यात उभे राहून सांगत होते, हात माझे होते. खिळा बसला. लाखेने पक्का केला. "उलटून पाय आता," ते म्हणाले. उलटून पाहिलं. परत बसलं. त्या दिवशी प्रत्येक खुंटीला आम्ही दोनदा पाहिलं, आणि सगळ्यांसमोर आबाजी म्हणाले, "जवळचं वच्छी पायते, दूरचं मी पायतो. मले जवळचं दिसत नाई." इतक्या वर्षांचं लपवणं एका वाक्यात संपलं आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी निघालं ते थांबलं नाही. जुन्या पाटात शिरलं तेव्हा लोक नुसते हसत होते. मग बारीप्रमाणे एकेक बांधी भिजायला लागली. पण मधले पाच दिवस गेले होते, ऊन तापत होतं आणि तलाव उतरला होता. चार दिवसांनी पाणी नत्थूजींच्या बांधीत शिरलं तेव्हा पाटात ते घोट्याइतकं होतं, आणि वरून निरोप आला की तलावाचं पाणी नव्या तोंडाच्या तळाशी टेकलं, आता येईल ते शेवटचं. आम्ही तिघं आमच्या धुऱ्यावर उभे होतो. आमची माती भेगाळली होती. नत्थूजी फावडं घेऊन आमच्या दोघांमधल्या धुऱ्यावर आले. "आबाजी, मी धुरा फोडतो. अर्धं घ्या. माहं भागते अर्ध्यात." त्यांचंही भागणार नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. ते त्या एका वाक्याची भरपाई करत होते. आई कधी बाप्यांमध्ये बोलायची नाही. त्या दिवशी पदर ओढून ती आबाजींना म्हणाली, "मामाजी, येऊ द्या. धान पोटऱ्यात हाये."

आबाजींनी नत्थूजींच्या बांधीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले नोको विचारा. पानी वच्छीनं पायलं. तिले विचारा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणाले, "नाई आजोबा. तुमची बांधी आधी होऊ द्या."

"मंग उरत नाई पोरी. दिसते ना तुले?"

"दिसते," मी म्हणाले.

नत्थूजींनी फावडं खाली टेकवलं आणि तसेच वळून गेले. त्यांना लागलं होतं ते. आबाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला त्या क्षणी वाटलं की मी आता खरी पाणसळवाल्यांची. आई घराकडे निघाली. संध्याकाळी भात वाढताना ती म्हणाली, "शब्द तुमच्या घरान्याचा हाये, वच्छे. चूल माही हाये." तिचा आवाज चढलेला नव्हता. मी मान खाली घालून जेवले.

आज इतक्या वर्षांनी मी खरं तेच लिहिते. मी नियमासाठी नाही म्हटलं नव्हतं. मला शिक्षा हवी होती. कोणीच दिली नाही, म्हणून मी स्वतःच घेतली आणि ती आईच्या चुलीवर नेऊन ठेवली. त्या परक्या पूर्वजाने शेपटाची जमीन मागितली तेव्हा त्याच्या बायकोला विचारलं असेल का, हे माझ्या मनात पहिल्यांदा त्या हिवाळ्यात आलं. त्या हिवाळ्यात आम्ही भाताऐवजी लाखोरीच्या भाकरी खाल्ल्या आणि आई मामाच्या गावाला धान मागायला दोनदा गेली. दोन्ही वेळा मी तिच्याबरोबर गेले नाही. तिने मला बोलावलंही नाही.

धान कापायच्या दिवसांत गावभर लोंब्या भाराने वाकल्या होत्या. आमच्या बांधीत त्या ताठ उभ्या होत्या, आत दाणाच नव्हता. वारा आला की कागदासारख्या वाजायच्या. बाबांना यायचं काही कारण उरलं नव्हतं, ते आले नाहीत. आबाजी येतो म्हणाले, तर आई म्हणाली, "तुमी बसा मामाजी. आमी दोघी पुरे." जनावरांना तणस तरी होईल म्हणून आम्ही दोघी विळे घेऊन गेलो आणि दिवसभर कापत राहिलो. आई एका धुऱ्याने, मी दुसऱ्या. कलत्या उन्हात मी माझा भारा बांधला. भरल्या धानाचा भारा एकटीला कधी डोक्यावर घेता येत नाही; एकीने उचलून द्यायचा आणि दुसरीने घ्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे, आणि शेतात कितीही भांडण असलं तरी त्याला कोणी नाही म्हणत नाही. आई विळा कमरेला खोचून माझ्याकडे आली, वाकली, आणि भाऱ्याखाली घालायला दोन्ही हात पुढे केले. तोवर तो बिनदाण्याचा भारा मी एकटीनेच उचलून डोक्यावर घेतला होता. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. मग तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चाल."